निवडक 'ईगल्स' आणि आमचा वार्षिक अहवाल

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी एके काळी दोन प्रकारच्या ध्वनिफिती असत. एक गावाहून जपून आणलेली, नाट्यगीतांची वा भावगीतांची; आणि दुसरी, ज्या शहरात बदली झाली त्या शहराने आपल्या पदरात टाकलेली. मला शिलाँगने 'ईगल्स' दिले. १९९०च्या दशकात त्या गावी रॉक संगीत आपल्याकडच्या भजनाइतके घरगुती होते. लू माजाव हे तेथील गायक बॉब डिलनचा वाढदिवस १९७२ पासून साजरा करीत आले आहेत, यावरून वाचकांना कल्पना यावी. कार्यालयातील एका खासी सहकाऱ्याने हाती ठेवलेली ती फीत म्हणजे 'देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१-१९७५'. या संग्रहाकडे मी पुढे अनेकदा वळलो; गाण्यांसाठी तर वळलोच, परंतु हिशेबासाठी अधिक.

हा संग्रह असायलम या कंपनीने फेब्रुवारी १९७६ मध्ये बाजारात आणला. १९७२ ते १९७५ या काळात निघालेल्या चार अल्बममधून उचललेली दहा गाणी. नवे एकही नाही. ध्वनिमुद्रणाचा खर्च पूर्वीच झालेला, म्हणजे अर्थशास्त्राच्या परिभाषेत बुडीत. उरला तो तबकडी छापण्याचा सीमांत खर्च. चारही अल्बम घेण्याची ज्याची ऐपत वा इच्छा नाही, अशा ग्राहकाला एका तबकडीत गाठायचे, हा त्यामागचा साधा व्यापारी विचार. कलावंतांना तो फारसा रुचला नव्हता. 'डेस्परॅडो' हा त्यांचा दुसरा अल्बम पश्चिम अमेरिकेतील दरोडेखोरांच्या कथासूत्रात ओवलेला; त्यातली दोनच गाणी सुटी काढून इतरांच्या शेजारी बसवायची, म्हणजे नाटकातले पद बैठकीत गाण्यासारखेच. (आपल्याकडे मात्र नाट्यपदे बैठकीतच अधिक जगली, हे निराळे.)

आता मोजणीकडे येऊ. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९७६ मध्येच दहा लाख प्रतींसाठी 'प्लॅटिनम' ही श्रेणी सुरू केली आणि ती मिळविणारा पहिला अल्बम हाच ठरला. २००६ मध्ये एकट्या अमेरिकेतला त्याचा प्रमाणित आकडा २ कोटी ९० लाख होता. त्यानंतर बारा वर्षे या आकड्यात काहीच हालचाल नाही. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तो एकदम ३ कोटी ८० लाख! मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' ३ कोटी ३० लाखांवर मागे पडला आणि जगभरच्या वृत्तपत्रांना ठळक मथळा मिळाला. त्या महिन्यात नव्वद लाख लोक दुकानात धावले नव्हते, हे सांगावयास नकोच. प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. कंपनीने अर्ज करावा लागतो, मग हिशेबतपासनीस कागद पाहतात. शिवाय २०१६ पासून संघटनेने नियम बदलला होता, आणि इंटरनेटवर गाणी १,५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला असे धरले जाऊ लागले होते. आकडा खोटा नव्हता. पण तो जितका श्रोत्यांच्या आवडीचा होता, तितकाच अर्ज करण्याच्या दिवसाचाही होता. मार्चअखेरीस निकाली निघणारी प्रकरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आणखी एक गंमत. ज्या गाण्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना हा बँड ठाऊक आहे, ते 'हॉटेल कॅलिफोर्निया' या संग्रहात नाही. असणे शक्यच नव्हते. तो अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये आला. म्हणजे कारकिर्दीतले सर्वांत गाजलेले काम पुढ्यात असतानाच 'सर्वोत्तम' म्हणून शिक्का मारून झाला होता. मूल्यमापनाची तारीख कोण ठरवतो, हा प्रश्न आमच्या गोपनीय अहवालांनाही विचारण्याजोगा आहे. असो.

मला अधिक मोलाची वाटते ती एक अपवादात्मक निवड. दहापैकी नऊ गाणी सुटी म्हणून आधी बाजारात येऊन लोकप्रियतेच्या यादीत चढलेली होती. 'डेस्परॅडो' हे शीर्षकगीत मात्र सुटे कधीच निघाले नव्हते. आकड्यांनी त्याची शिफारस केलेली नव्हती. तरी कोणीतरी ते आत घेतले आणि आज ते इतर अनेकांपेक्षा अधिक ओळखीचे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कार्यालयाचा रौप्यमहोत्सवी ग्रंथ काढण्याचे ठरले आणि संपादन माझ्याकडे आले. साहित्य तयारच होते: पंचवीस वार्षिक अहवाल, उद्दिष्टे, टक्केवाऱ्या, उद्घाटनांची छायाचित्रे. त्यात दोन लिपिकांचा कोठेच उल्लेख नव्हता. या दोघांनी, त्यांतील एक बाई होत्या, तीन हिवाळे गोदामातली जुनी बासने सोडून कुटुंब निवृत्तिवेतनाची अशी शेकडो प्रकरणे शोधली, जी कोणत्याच नोंदवहीत नव्हती. ती त्यांनी नोंदवली. परिणाम असा की प्रलंबित प्रकरणांची संख्या सलग दोन वर्षे वाढली आणि अहवालात ती घसरण म्हणून छापली गेली. नोंद नसलेली विधवा कोणत्याही तक्त्यात प्रलंबित नसते.

समितीचे म्हणणे पडले की हा भाग गाळावा, निदान आकडे तरी गाळावेत. आकडे गाळले तर त्या कामाचा अर्थच नाहीसा होतो, असे माझे म्हणणे होते. टिप्पणीत कॅलिफोर्नियातल्या बँडचा दाखला देता येत नाही; म्हणून चढत्या आलेखाची दोन वर्षे आणि पुढच्या चार वर्षांत उतरलेला आलेख एकत्र जोडून मी धारिका वर पाठवली. दहा दिवसांनी ती एका शब्दानिशी परत आली: सहमत. अर्धे पान मिळाले, आकड्यांसह. छायाचित्र मात्र नव्हते, कारण त्या दोघांचे कोणी काढलेच नव्हते.

त्या बाई तोवर निवृत्त होऊन मध्य प्रदेशात आपल्या गावी गेल्या होत्या. प्रत रजिस्टर टपालाने पाठवली. आठवड्याने त्यांचा दूरध्वनी आला. ग्रंथाविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. "साहब, वो आखिरी बस्ते में एक चौकीदार की बेवा का केस था, उसका क्या हुआ?" एवढेच त्यांना हवे होते. मी शोधून कळवले: मंजूर झाले होते, थकबाकीसह.