तिघींचा फोटो

फिलाडेल्फिया, ३ ऑक्टोबर

जेवताना वर्गातल्या एकीने विचारलं, "तुमच्याकडे मुलींना इतकं शिकू देतात?" मी कल्याणची. आनंदीबाई जोशी जन्मल्या त्याच गावची, आणि त्या डॉक्टर झाल्या याच शहरात, ११ मार्च १८८६ रोजी. एवढं सांगेपर्यंत सगळ्या उठल्याही. तळमळ लागून राहिली आहे.

९ ऑक्टोबर

आनंदीबाईंचं कॉलेज आता ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलंय. तिथल्या संग्रहातला तो फोटो आज नीट पाहिला. तारीख १० ऑक्टोबर १८८५. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, कपाळावर दागिने ल्यालेल्या दमास्कसच्या सबात इस्लामबुली. तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात! आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. माझ्याहून लहान. नजर मात्र कशी थेट, करारी.

शाळेत आनंदीबाई नेहमी एकट्याच भेटल्या, नाहीतर पती गोपाळरावांसोबत. शेजारच्या दोघींबद्दल कुणी अवाक्षरही काढलं नव्हतं. आज त्या तिघींना एकत्र बघताना ऊर भरून आला. मी नुसती कल्याणची नाही, या तिघींच्या घराण्यातली आहे, असं वाटलं.

११ ऑक्टोबर

सीरियाची वर्गमैत्रीण फोटो मोठा करकरून दागिनेच बघत बसली. "माझ्या पणजीचे असेच होते," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. जपानी मैत्रिणीला ओकामी ठाऊक होत्या. १८८९ मध्ये पदवी घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि तिथे डॉक्टरकी केली. इस्लामबुलींची पदवी १८९० ची.

आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत शिकायला येऊन आपल्याकडची विद्या परीक्षकांपुढे मांडायची, याला केवढी छाती लागते!

१४ ऑक्टोबर

आईला फोन केला. आनंदीबाईंचं निधन पुण्यात झालं, पण रक्षा इकडे न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आहे, हे सांगितल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, बाविशीही गाठली नाही गं पोरीने. जाऊन ये तिथे, माझाही नमस्कार सांग."

दिवाळीच्या आत जायचं ठरलंय, आम्ही तिघी मिळून.

१७ ऑक्टोबर

पुढच्या आठवड्यातल्या सादरीकरणासाठी नाव दिलं. तिघींवरच बोलणार. पहिल्याच स्लाइडवर त्यांची नावं देवनागरी, जपानी आणि अरबी अक्षरांत. अरबी लिहून आलं, जपानीचं उद्या.