खिचडीची नळी

शाळेत खिचडी वाढताना रोज पाहता ना? ताट खाली आल्याशिवाय ताई पळी उपडी करत नाहीत. आणि रांगेत जो आधी, त्याला आधी. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

मी डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक. घरी एक जुना संगणक आहे, लिनक्सवर चालणारा. सी भाषा मी शिकलो ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' पुढ्यात ठेवून. सातवीतली लेकही सोबत शिकते. उन्हाळ्यात आर्णीला दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून आम्ही ठरवलं : तिच्या प्रोग्रामने निरोप पाठवायचा, माझ्याने तो वाचायचा.

एका प्रोग्राममधून दुसऱ्यात माहिती सोडणारी नळी, म्हणजे पाइप, केन थॉम्प्सन यांनी १९७३ साली युनिक्समध्ये बसवली. कल्पना डग मॅकिलरॉय यांची. पण ती बिननावाची, एकाच कुटुंबातल्या प्रोग्रामांपुरती. आमचे दोघे एकमेकांना अनोळखी! त्यांना नाव असलेली नळी हवी. त्यासाठी सीमध्ये एक ओळ पुरते : एमकेफिफो("खिचडी", ०६००). त्यातला ६ म्हणजे मालकाला वाचायची-लिहायची मुभा. शेवटचे दोन शून्य म्हणजे इतरांना काहीच नाही.

दोघांनीही ही ओळ घातली. नळी आधीच असली तर उत्तर उणे एक येतं, तिकडे दुर्लक्ष करायचं ठरलं. मग ती उघडायची, म्हणजे ओपन. आणि दोन्ही खिडक्या गप्प! ना निरोप, ना चुकीची सूचना. तास गेला. मी लेकीवर डाफरलो, "तुझंच काहीतरी चुकलं."

"नाही बाबा," एवढंच म्हणाली आणि न जेवता झोपली.

रात्री मी फायलींची यादी काढली. नळीच्या ओळीची सुरुवात इंग्रजी पी अक्षराने होते. तशा ओळी दोन निघाल्या! आकार दोन्हींचा शून्य, कारण नळी डिस्कवर काही साठवत नाही. नावं वाचली. एक 'खिचडी', दुसरं 'खिचडि'.

ऱ्हस्व वेलांटी माझी. वह्यांवर लाल गोल करणाऱ्या गुरुजींची! तिचा प्रोग्राम एका नळीशी पळी धरून उभा, माझा दुसरीशी ताट घेऊन. पलीकडचं टोक कुणी उघडेपर्यंत ओपन थांबूनच राहतो. बिघडलेलं काहीच नव्हतं.

सकाळी तिला उठवून वेलांटी दाखवली. हसली नाही. माझाच लाल पेन आणून माझ्या वहीत गोल केला. मग नाव सुधारलं, दोन्ही प्रोग्राम चालवले. माझ्या खिडकीत पहिला निरोप आला : "बाबा, भूक लागली."