‘ती देईलच की!’

मृत्युपत्रांच्या मसुद्यांत मी सर्वांत जास्त वेळा खोडलेलं वाक्य असं: ‘माझ्या पश्चात सर्व मिळकत पत्नीस मिळावी व तिने ती सर्व मुलांना समान द्यावी.’ दुसरं लग्न केलेल्या पक्षकारांचा या वाक्यावर फार जीव. त्यात त्याची मुलं, तिची मुलं, सगळी एका पंगतीला बसलेली दिसतात. मी पेन उचललं, की म्हणतात, ‘‘मॅडम, ती देईलच की!’’

देईलही. माझा संशय तिच्यावर नसतोच. पण मिळकत एकदा तिच्या पूर्ण मालकीची झाली, की ‘द्यावी’ ही बहुधा नुसती इच्छा उरते. ती काही न लिहिता गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 चं कलम 15 पुढे येतं. पहिले वारस तिची मुलं आणि नवरा. सावत्र मुलगा या यादीत ‘मुलगा’ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1987 साली लछमन सिंग प्रकरणात सांगून टाकलं आहे. बापाचा फ्लॅट तिच्या मुलांकडे जातो, आणि लबाडी कुणीच केलेली नसते! याच गृहस्थानं मृत्युपत्रच केलं नसतं, तर कलम 8 प्रमाणे पहिल्या घरच्या प्रत्येक मुलाला त्याच्या मिळकतीत बायकोइतकाच वाटा होता.

मग ‘तहहयात’ हा शब्द येतो: पत्नीनं हयातभर राहावं, नंतर मालकी मुलांची. ऐकायला सोपं, लिहायला अवघड. पोटगीच्या हक्कापोटी दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा होऊ शकतो, हे 1977 च्या तुलसम्मा निकालापासून प्रत्येक वकिलाच्या डोक्यात असतं. म्हणून पत्नीच्या निर्वाहासाठी ठेवी वेगळ्या काढून तिच्या निखळ मालकीच्या कराव्यात आणि फ्लॅटचा फक्त राहण्याचा हक्क द्यावा, असं माझं मत. तेवढ्यानंही भागत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार? आणि आमच्या पुण्यात तर हटकून विचारावं लागतं, की इमारत पुनर्विकासाला गेली तर सही कुणाची आणि बिल्डर देईल ते भाडं कुणाचं? सावत्र आई आणि मुलं कोर्टात भेटतात ती बरेचदा अशा न लिहिलेल्या ओळींमुळे.

‘माझी मुले’ असं मोघम लिहू नका. प्रत्येकाचं पूर्ण नाव, कोणत्या विवाहातलं, आणि सावत्र मुलाला द्यायचं असेल तर तेही नाव घेऊन. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही, हे सरबती देवी प्रकरणापासून म्हणजे 1983 पासून ठरलेलं आहे (आयुर्विम्यात 2015 पासून जोडीदार, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर वेगळा नियम). आणि घटस्फोटितांनी जुनं कपाट उघडून बघावं. ख्रिस्ती किंवा पारशी माणसाचं आधीचं मृत्युपत्र नव्या लग्नानं रद्द होतं, हिंदूचं होत नाही. पहिल्या बायकोच्या नावे केलेला कागद तसाच जिवंत असतो.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण अशा घरात ती कराच. दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्याहून वयानं लहान निवडा.