एक उन्हाळा आणि एक पुस्तक

किकवी हे गाव पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल, पण ते मोटारीच्या खिडकीतून. पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यावर कात्रजचा घाट उतरला, नसरापूरचा फाटा आणि कापूरव्होळ मागे पडले की ते येते. आणि वाचकांचा डोळा लागला असल्यास निघूनही जाते. १९६१ च्या चैत्रात आम्ही तेथून पुण्यास गेलो, ते टंकलेखन शिकण्याकरिता. आमचे तीर्थरूप नाना भोर संस्थानात कारकून होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्यांची बैठक मोडली. मुलाच्या हाती एखादी पोट भरण्याजोगी विद्या असावी म्हणून त्यांनी तीन महिन्यांच्या फीचे पैसे आमच्या हवाली केले. त्यात दोन्ही काकांचा वाटा होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

उतरलो मामांच्या बिऱ्हाडी, नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी वर्गात ए, एस, डी, एफ अशी अक्षरे बडवावीत, दुपारी घाम पुसावा, आणि दिवेलागणीनंतर आमचा खरा दिवस उजाडावा असा क्रम सुरू झाला. आमच्या गावी रात्र म्हणजे कंदिलाच्या उजेडात उरकलेले जेवण आणि कुत्र्यांचे भुंकणे. येथे रात्री माणसे घराबाहेर पडतात, हीच मुळी आम्हांस नवलाई! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला होती. त्या वैशाखात रवींद्रनाथांची जन्मशताब्दी आली होती आणि त्यांचे नाव पुष्कळांच्या तोंडी होते. व्याख्यान संपले की श्रोते रस्त्यात उभे राहून वक्त्याचे खंडन करीत, आणि आम्हांस बहुधा तेच व्याख्यानाहून सरस वाटे. पुढे लकडी पुलाच्या कठड्यावर वारा घेत बसलेली मंडळी, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळातील घुंगरांचा नाद, आणि क्वचित ‘प्रभात’मधील रात्रीचा खेळ. मामींना आम्ही ‘हवा खाऊन येतो’ असे सांगत असू. ही हवा उत्तरोत्तर महाग होत गेली. दुसऱ्या महिन्याची फी वर्गापर्यंत पोहोचली नाही.

मामांच्या नावावर पुणे नगर वाचन मंदिरातून पुस्तके येत. ही संस्था १८४८ सालची. तेथून आम्ही गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आणला आणि तो सज्जात, रस्त्यावरील दिव्याच्या उजेडात, दोन रात्रींत वाचून काढला. वरसईचा एक दरिद्री भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, बंडात सापडतो, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो. ते पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापले. आम्ही वाचले ते त्यांनी हात फिरविलेले होते, हे पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ लेख प्रसिद्ध केला तेव्हा समजले. पण त्या वेळी आम्हांस त्याचे काय? आमच्यासारख्याच घरातला एक मनुष्य रस्त्यावर पाहिलेले साध्या भाषेत सांगतो, एवढ्यानेच आम्ही वेडे झालो.

एका रात्री खेळ सुटल्यावर घरी न जाता भटकत राहिलो आणि पहाटे चारच्या सुमारास मंडईशी पोहोचलो. १८८६ सालच्या त्या इमारतीभोवती मालमोटारी आणि गाड्या यांची एकच दाटी उसळली होती. तोच हाक आली, “काय पंत, इतक्या रातचं हितं?” आमच्याच गावचे एक शेतकरी काकडी घेऊन आले होते. आता ही वार्ता नानांच्या कानी जाणार, या विचाराने आमचे पाय लटपटले. त्यांनी मात्र खिशातून आडत्याची पट्टी काढली. “जरा वाचून दावा.” आम्ही आडत, तोलाई, हमाली असे मोठ्याने वाचीत गेलो, हमाली दोनदा धरली होती. ते गर्दीत शिरले आणि बारा आणे परत घेऊन आले. त्यांनी आम्हांस चहा पाजला आणि अवेळी तेथे असण्याचे कारण काही विचारले नाही.

जेवढे वाचले होते, तेवढे सारे त्या चहाबरोबर आम्हांस निराळे दिसू लागले. टंकलेखन आपणांस जमणार नाही, हे आधीच कळून चुकले होते. काय जमेल याची अंधुक कल्पना मात्र त्या पहाटे प्रथम आली.

ज्येष्ठात आम्ही किकवीस परतलो. ट्रंकेत ‘माझा प्रवास’ तसाच राहिला होता, म्हणजे खरे पाहता आम्ही तो ठेवूनच घेतला होता. फीची हकीकत सांगितली. नाना काही वेळ स्तब्ध बसले, मग म्हणाले, “काय वाचलेस ते तरी ऐकू दे.” आठ दिवस ओटीवर वाचन चालले. भटजी पैसा गमावून, केवळ गंगेची कावड खांद्यावर घेऊन आईबापांकडे परत येतात, तेथे आजीने हात जोडले. नाना म्हणाले, “त्यांनी निदान गंगा आणली. तू काय आणलेस?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

१२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले. वेल्ह्याच्या डोंगरातील ते पाणी मुठेला जाते, आमच्याकडचे नीरेला. म्हणून आम्हांस काही कळले नाही. पुण्याहून आलेल्या मोटारीच्या वाहकाने सांगितले, “पुणं बुडालं.” चार दिवसांनी मामा, मामी आणि मुले अंगावरच्या वस्त्रांनिशी आमच्या दारी उतरली. नारायण पेठेतील त्या वाड्याच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या.

मामा कित्येक दिवस कोणाशी बोलत नसत. एका दुपारी त्यांनी फडताळातून ते पुस्तक सहज काढले, आत वाचनालयाचा शिक्का पाहिला आणि एकाएकी मोठ्याने हसत सुटले. “अहो नाना, माझे म्हणून जगात एवढेच उरले, आणि तेही माझे नव्हे!” मामींनी डोळ्यांस पदर लावला, पण त्याही हसत होत्या.

नवरात्राच्या सुमारास नाना स्वतः ते पुस्तक परत करण्यास गेले. रात्रीच्या मोटारीने आले. दंड किती पडला, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. हातपाय धुऊन ते पाटावर बसले आणि पिशवी आमच्याकडे सरकवून म्हणाले, “उद्यापासून हे वाच.” आत मामांच्या नावावर काढलेले दुसरे पुस्तक होते.