आठवड्याची पुडी रोज

माझ्या सासूबाईंना घरात सगळेच आई म्हणतात. पहाटे उठून सडा-रांगोळी करणाऱ्या आई त्या वर्षी दिवाळीनंतर गळूनच गेल्या. अन्नावरची वासना उडाली, पोट साफ होईना, मळमळ थांबेना. पाणी कितीही प्यायल्या तरी घशाला कोरड, आणि रात्रभर लघवीला उठणं. मग बोलण्यात घोळ सुरू झाला. भर दुपारी विचारायच्या, "देवापाशी दिवा लावलास का गं?" वाईतले शेजारी म्हणाले, वय झालं. नातेवाइकांनी विसरण्याच्या आजाराचं नाव घेतलं. साखर तपासली, मेंदूचा स्कॅन केला. त्यांत काही सापडलं नाही.

शेवटी पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं कॅल्शियम बघायला सांगितलं. ते साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असतं, आईंचं १४च्या वर होतं. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला. त्या म्हणाल्या, "घरात जेवढी औषधं आहेत तेवढी पिशवीत भरून आणा. ताकदीची, झाडपाल्याची, कुणी प्रेमानं आणून दिलेली, सगळी."

पिशवीत रक्तदाबाची गोळी होती, कॅल्शियमची होती (तिच्यातही ड जीवनसत्त्व), परदेशातल्या पुतण्यानं दिलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली होती आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्यांचा अर्धा खोका. गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला लिहिली होती. चिठ्ठी बरोबर होती. पण आईंना जरा आराम पडला आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं सांगितलं, "अगं, व्हिटॅमिनच ते, रोज दुधातून घे, लवकर गुण येईल." तेव्हापासून त्या रोज एक पुडी घेत होत्या. संपली की गल्लीतल्या मेडिकलमधून पुन्हा येई. चिठ्ठी कुणी मागितली नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणी केली तर आकडा १५०च्या पुढे गेलेला, जिथून विषबाधा मानतात.

डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं ते माझ्या मनातून जात नाही. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. अ, ड, ई आणि के मात्र चरबीत आणि यकृतात साठून राहतात. ब गटही अगदी निर्धोक नाही, बी-सिक्स खूप दिवस जास्त घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते. ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम खेचतं. त्याची मात्रा फार वाढली की ते हाडांमधलंही बाहेर काढू लागतं. म्हणजे हाडं मजबूत व्हावीत म्हणून आई जे घेत होत्या, तेच त्यांच्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत होतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ६०० युनिट पुरतात आणि ४,००० ही वरची मर्यादा धरतात. आई त्या मर्यादेच्या पंधरापट घेत होत्या. उन्हात कितीही बसलं तरी असं होत नाही, तिथं कातडी आपणहून थांबते. पुडीला तसं थांबणं माहीत नाही.

सगळ्या पुड्या बंद झाल्या, सलाइन लागलं, स्टिरॉइडच्या गोळ्या झाल्या, काही दिवस दूध-दही बंद. कॅल्शियम उतरलं तशा आई माणसांत आल्या, नातवाला नावानं हाक मारू लागल्या. पण चरबीत साठलेलं ड जीवनसत्त्व ओसरायला कित्येक महिने गेले आणि तोवर पुन्हापुन्हा रक्त तपासावं लागलं. क्रिएटिनिन खाली आलं, पूर्वीइतकं मात्र नाही.

इतक्या ताकदीचं औषध कुणालाही, कितीही, नुसतं नाव सांगितलं की मिळतं, याचा मला आजही संताप येतो. आणि आपण 'औषध काय घेता?' असं विचारलं की घरातली वडीलधारी माणसं व्हिटॅमिनचं नाव घेतच नाहीत, कारण ती त्यांना औषधं वाटत नाहीत.

तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर घाबरून बंद करू नका, डॉक्टरांनी लिहिलेले आठवडे जरूर पुरे करा. पण आठवड्याची पुडी आठवड्यालाच घेतली जाते ना, आणि ठरलेली मुदत संपल्यावर ती थांबली ना, हे स्वतः बघा. आणि म्हाताऱ्या माणसाला मळमळ, बद्धकोष्ठ, अतोनात तहान आणि बोलण्यातला घोळ एकदम सुरू झाला, तर वयाला दोष देण्याआधी औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कॅल्शियम तपासून घ्या.