मंद आच आणि आईचं नाक

गॅसच्या शेगडीचं बटण ज्याने कोणी डिझाइन केलं, त्याला आपला सलाम! आपल्याकडच्या साध्या शेगडीवर बटण फिरवलं की आधी 'फुल्ल' येतं, मग 'सिम'. म्हणजे पेटवताना भरपूर गॅस मिळतो आणि आच कमी करताकरता चुकून शेगडी बंद होत नाही. युजर इंटरफेस असावा तर असा.

बर्नर लहान-मोठे असतात तेही उगाच नाही. चहाचं छोटं भांडं मोठ्या बर्नरवर ठेवलं तर जाळ बाजूने वर जातो, भांड्याचा कान तापतो, चहा तेवढाच. आणि एकदा उकळी आली की पाणी पुण्यात साधारण ९८ अंशांवर थांबतं. तुम्ही कितीही जाळ करा, उघड्या पातेल्यातली डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ वाढते. त्यामुळे उकळी आली की सिम. ज्योत पिवळी दिसली, भांडी काळी पडायला लागली, तर हवा कमी पडतेय. बर्नरची भोकं साफ करायची.

इथपर्यंत सगळं गणित सोपं आहे. पण मंद आचेची एक भानगड आहे. दूध उतू गेलं किंवा खिडकीतून वारा आला की ती विझते, आणि गॅस चालूच राहतो. मग आपल्याला वाचवतं काय? तर नाक. एलपीजीला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो, म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं मरकॅप्टन मिसळतात.

आणि माझ्या आईला २०२१च्या कोविडपासून वास येत नाही. गावी एकटी असते. रोज छोट्या बर्नरवर, सिमवर, दूध तापवते.

हे डोक्यात आलं त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. मग ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी शेगडी आणली. ज्योतीशेजारी एक छोटी सळई असते, ती गार पडली की काही सेकंदांत झडप बंद. गॅस ओळखणारा अलार्मही लावला, जमिनीपासून जेमतेम फूटभर वर. कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खालीच साचतो. (पाइपचा गॅस हलका, त्यासाठी अलार्म छताजवळ.)

"अरे, पेटवताना बटण दाबून धरावं लागतं, बोट दुखतं माझं," आईची पहिली प्रतिक्रिया.

"धर गं चार सेकंद."

आता रात्री फोनवर "जेवलीस का?" नंतर "रेग्युलेटर बंद केलास?" हेही विचारतो. ती चिडते, पण उठून बघून येते.

तुमच्याही घरी कोणी एकटं असेल तर त्यांना वास येतो का, एवढं विचारा. नसेल येत, तर अलार्म लावा. तो वाजला तर दिव्याच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ला फोन. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा.

चला, कुकरची पहिली शिट्टी झाली. सिम करून येतो.