बारामती : पेठेतील उंबरठे आणि चाकांची खुर्ची

कविवर्य मोरोपंतांच्या वास्तव्याने पावन झालेल्या कऱ्हाकाठच्या बारामतीत जुनी घरे उंच जोत्याची. वडीलधाऱ्यांच्या पायांतील बळ ओसरले, की पेढी आणि मंदिर दोन्ही दुरावतात. म्हणून चाकांची खुर्ची घेताना किमतीआधी दाराची रुंदी मोजावी. लोखंडी खुर्चीचे वजन साधारण 18 किलो, तर हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्चीचे 12 ते 14. पायऱ्यांवरून ती उचलणाऱ्या घरच्यांना हा फरक रोज जाणवतो. मागची चाके मोठी असली, तर बसणारा स्वतःच ती फिरवतो. 6 इंचांच्या उंबरठ्यास 6 फूट लांबीचा उतार लागतो. अल्प उत्पन्न असलेल्या दिव्यांगांना केंद्राच्या एडिप योजनेतून साहाय्य मिळते. योग्य खुर्ची आणि उतार लाभला, तर दर्शनाला केव्हा जायचे हे आजोबा स्वतः ठरवतात.